पाठ फिरवून वाजवायचा तुकडा

सगळ्या हिंगोलीत तेव्हा इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा एकच माणूस होता, आणि तो ऐन मोक्याच्या वेळी लोकांकडं पाठ फिरवायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी औंढ्याचा, नागनाथाच्या देवळात सेवा असलेल्या घरातला. वडील यात्रेकरूंचे अभिषेक करायचे आणि मी रोज एसटीनं हिंगोलीच्या कॉलेजात जाऊन काहीही करत नव्हतो. हा गिटारवाला दिवसा टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवायचा. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. गाणं रंगात आलं की मधे एक तुकडा यायचा. सूर असे भराभर सुटायचे, एकाच्या पायात दुसरा अडकून, की दोन हातांच्या माणसाला हे जमेलच कसं असं वाटावं. आणि तो तुकडा सुरू होणार, तेवढ्यात मास्तर गर्रकन वळायचा. लोकांना वाटायचं स्टाइल आहे. शिट्ट्या पडायच्या. मला दिसायचा तो त्याचा घामानं पाठीला चिकटलेला शर्ट आणि हलणारं कोपर, बस्स.

ती त्याच्या घरातली रीत होती. त्याचा बाप बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि भर वरातीत बोटांवर रुमाल टाकून वाजवायचा. दुसऱ्या बँडवाल्यानं बोटं बघून चाल उचलू नये म्हणून. "बाप रुमाल डालता था, मैं पीठ डालता," असं मास्तर मोठ्या अभिमानानं सांगायचा. गिटारवर रुमाल टाकता येत नाही, नाहीतर तोही टाकला असता त्यानं.

या प्रकाराला टॅपिंग म्हणतात, हे मला फार पुढं कळलं. आमच्यासाठी तो नुसता 'तो तुकडा' होता. कॅसेटवर ऐकू यायचं, पण कॅसेटला हात थोडेच दिसतात? केबलवर कधी गिटारवाला दिसलाच, तर कॅमेरा नेमका गाणाऱ्याच्या तोंडावर.

आम्ही म्हणजे मी आणि माझा एक दोस्त. तो माझ्या वर्गातला, सेनगाव भागातल्या गोरेगावकडचा. घरी मेंढरं, शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन. हिंगोलीत एका पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहायचा आणि स्टोव्हवर खिचडी शिजवून खायचा. मला 'महाराज' म्हणायचा, देवळातला म्हणून. त्याच्याजवळ गिटार नव्हती. माझ्याजवळ होती, नांदेडहून आणलेली, साधी लाकडी. एसटीत तिला सांभाळत नेणं-आणणं जिवावर यायचं म्हणून मी ती त्याच्या खोलीवर ठेवायचो. दुपारी कॉलेज बुडवून आम्ही तिथं बसायचो.

आणि इथंच सगळा घोळ होता. गिटार माझी, पण वाजवायचा तो. मी आठ-आठ दिवस घासून एक चाल बसवायचो, आणि हा गडी खिचडी ढवळता ढवळता ऐकायचा, हात पुसायचा आणि वाजवून मोकळा. वर म्हणायचा, "असंच हाय ना, महाराज?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा शेळ्या राखणारा, याला सूर कुणी शिकवला? हा प्रश्न मला तेव्हा खरंच पडायचा. आमच्या घरात चार पिढ्या आरत्या म्हणत आल्या आणि माझी बोटं म्हणजे लाकडं. याच्या घरात कुणी भजनालाही बसलं नसेल, आणि हा असा. मी त्याच्यावर जळायचो. मित्र होता, तरी जळायचो. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी कळलं, की मास्तर औरंगाबादला जाणार. तिथं मोठ्या ऑर्केस्ट्रात त्याचं जमलं होतं. त्याच्या मागं इथल्या ऑर्केस्ट्राच्या मालकाला गिटारवाला हवा होता आणि त्याची एकच अट होती: तो तुकडा आला पाहिजे. लग्नात लोक फर्माईश करायचे, "वो पीठवाला बजाओ." आम्ही दोघं मास्तरच्या दुकानात जाऊन उभे राहिलो. तो सोल्डरिंग करत होता. वरही न बघता म्हणाला, "दोनों को नहीं सिखाता. एक को. जिसकी उँगली तैयार, उसको."

आम्ही विचारलं, तयार म्हणजे कशी?

त्यानं उजव्या हाताचं मधलं बोट वर केलं आणि टेबलावर टकटक वाजवलं. "पत्थर होना. बिब्बा लगाओ बिब्बा. शनिवार को आओ, देखूँगा."

बिब्बा आमच्याकडं घरोघरी असतो. टाचेला भेगा पडल्या की बायका सुई तापवून बिब्ब्यात टोचतात आणि जे काळं तेल सुटतं ते भेगेत भरतात. आग आग होते, पण टाच टणक होते. त्यामुळं मास्तरचं बोलणं आम्हाला दोघांनाही एकदम पटलं. गिटारवर डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडतात हे माहीत होतंच. मग उजव्या बोटालाही पाडायचे असतील, आणि चार दिवसांत पाडायचे तर बिब्ब्याशिवाय दुसरं काय? बाहेर आल्यावर तो म्हणाला, "माझ्या मायच्या टाचा पाह्यल्या का तू? काट्यावर पाय देती, काटा मोडतो." तो खूश होता. त्याला वाटलं ही परीक्षा त्याच्याच घरची आहे. आम्ही मसाल्याच्या दुकानातून बिब्बे घेतले, निम्मे निम्मे वाटून घेतले आणि मी औंढ्याच्या एसटीत बसलो.

घरी आईनं माझ्या हातात बिब्बा आणि दाभण बघितलं आणि हातावर असा फटका मारला की बिब्बा चुलीपाशी जाऊन पडला.

"काहून रे? मरायचं का?"

मी सांगितलं, बोटाला लावायचाय. ती म्हणाली, "टाचंची कातडी वेगळी अन् बोटाची वेगळी. उतला म्हणजे बोट सडंल मेल्या!" मग तिनं आमच्या आळीतल्या एका बाईचं सांगितलं. तिनं बिब्ब्याचा हात चुकून तोंडाला लावला, तर तोंड भोपळ्याएवढं सुजलं आणि महिनाभर तिला डोळे उघडता आले नाहीत. सगळ्यांना उतत नाही, पण ज्याला उतला त्याचे हाल कुत्रं खात नाही, असं ती म्हणाली. तिनं माझे हात खोबरेल तेल लावून पुसले आणि सगळे बिब्बे उकिरड्यावर टाकून दिले.

आता सरळ होतं. दुसऱ्या दिवशी जायचं आणि त्याला सांगायचं, "लेका, लावू नको, आई असं असं म्हणाली." एवढंच. एका वाक्याचं काम. एसटीत बसेपर्यंत माझ्या मनात तेच होतं, हे मी देवाशप्पथ सांगतो. मग एसटी सुटली, आणि मला दिसायला लागलं की मास्तर त्याचं बोट बघणार, माझं बोट बघणार, आणि त्यातही कुणाचं बोट चांगलं हे सगळ्या दुनियेला आधीच माहीत आहे.

माझ्या पिशवीत एनसीसीच्या बुटांचं काळं पॉलिश होतं. मी कॉलेजच्या नळामागं गेलो, उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांना पॉलिश चोळलं, वाळू दिलं, पुन्हा चोळलं. बिब्ब्याचा डाग असाच काळा असतो. मग त्याच्या खोलीवर गेलो.

त्यानं अजून लावला नव्हता. बिब्बे तसेच कोनाड्यात होते. त्याची माय पण म्हणायची, जपून म्हणून. तो कचरत होता. मी हात पुढं केला.

"लावला?" त्यानं विचारलं.

"कालच."

"आग व्हती का?"

"मुंगी चावल्यावानी. काही होत नाही."

तो माझ्या बोटांकडं बघत राहिला. मग उठला, स्टोव्ह पेटवला आणि सुई तापवायला ठेवली. मी जवळ बसून बघितलं. त्यानं बिब्ब्याला टोचलं, तेल काढलं, मधल्या बोटाला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला नीट, टोकापासून पेरापर्यंत लावलं. मन लावून काम करायचा तो, कसलंही असो. दात आवळून बसला आणि माझ्याकडं बघून हसला. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्याचा हात मनगटापर्यंत सुजला होता. बोटांवर पाण्यानं भरलेले फोड होते, मोठे मोठे, एकमेकांना चिकटलेले. अंगात ताप होता. तो उजवा हात भिंतीला टेकवून वर धरून बसला होता, खाली सोडला की ठणकायचा म्हणून. खोलीत खिचडीचं पातेलं तसंच खरकटं पडलं होतं. डाव्या हातानं त्याला घासता आलं नव्हतं.

मला काय वाटलं ते सांगतो. मला हायसं वाटलं. मी चटईवर बसलो आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझी गिटार एकट्यानं वाजवली, त्याच्यासमोर, आणि ती मला बरी वाजते आहे असं वाटलं.

त्यानं विचारलं, "तुला काहून उतला न्हाई, महाराज?"

मी म्हणालो, "रोज तूप खाणाऱ्याला उतत नाही रे. तुमचं कसं, नुसतं ताक अन् भाकर."

हे मी बोललो. याच तोंडानं. डाव्या हातानं माझा हात धरून त्यानं बोटं नाकाजवळ नेऊन निरखली. मला वाटलं त्याला तापात नीट दिसत नाही. मी हात काढून घेतला आणि आणखी पुढं गेलो. म्हणालो, "आणखी एक हात दे. वरची कातडी निघाली की खालून टणक येते. मीही दोनदा लावला." तेव्हा तर त्याचे फोड डोळ्यांनी दिसत होते मला. दगडाला पाझर फुटला असता. मला नाही फुटला.

त्यानं दुसऱ्यांदा लावला. मी गेल्यावर लावला, फोडांवरच. शनिवारी सकाळी त्याचा बाप गोरेगावहून जीप घेऊन आला, शेजारच्यांनी निरोप धाडला होता म्हणून. पोराचा हात धोतराच्या फडक्यात गुंडाळला होता आणि फडकं ओलं झालं होतं. बाप माझ्याकडं बघून म्हणाला, "महाराज, तुमी व्हते म्हून बरं. लेकरू एकटं ऱ्हाते इथं." मी मान हलवली. जीपमध्ये बसताना तो मला म्हणाला, "मास्तरला सांग, सोमवारी येतो." जीप गेली. मी गिटार खांद्याला लावून सरळ मास्तरच्या दुकानात गेलो.

मास्तर एकटाच होता. त्यानं विचारलं, "दूसरा कहाँ है?" मी सांगितलं, बिब्बा उतला, गावी गेला. मास्तरचा हात थांबला. "अबे, सच में लगाया उसने?" आणि तो हसायला लागला. खुर्चीत मागं रेलून हसला. शिकवा शिकवा म्हणून डोकं खाणाऱ्या प्रत्येक पोराला तो बिब्बा सांगायचा म्हणे. पोरं घाबरून परत यायचीच नाहीत. आजवर कुणी लावला नव्हता. मग त्यानं माझा हात धरला, बोटं बघितली, आणि नाकाशी नेऊन वास घेतला.

"पॉलिश?"

मी हात मागं ओढला.

"तू चलेगा," तो म्हणाला. "झूठा आदमी स्टेज पे चलता है."

मग त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मला तो तुकडा दाखवला. समोर तोंड करून. डाव्या हाताचं पहिलं बोट तारेवर एका घरात, म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या जागेत, दाबून धरायचं. उजव्या हाताचं मधलं बोट त्याच तारेवर, पुढं पाच-सात घरं सोडून, वरून आपटायचं: तिथला सूर वाजतो. मग तेच बोट तारेला किंचित ओढून सोडायचं: दाबून धरलेला सूर वाजतो. लगेच डाव्या हाताची करंगळी मधल्या घरात आपटायची: तिसरा सूर. ठोक, सोड, दाब. ठोक, सोड, दाब. हेच भरभर. बाकी काही नाही. दहा मिनिटांत मला सावकाश यायला लागलं, आणि तासाभरात वेगही धरला. बोट कसंही चालतं. मऊ बोट तर उत्तम. तार हलक्या हातानं ओढायची असते, तिथं दगड काय कामाचा?

मी विचारलं, "मग पाठ कशाला फिरवता मास्तर? एवढंच तर आहे."

"एवढंच है, म्हणून तर फिरवायची," तो म्हणाला.

माझा दोस्त सोमवारी आला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. बोटांत पू झाला, असं वर्गातल्या एकानं सांगितलं. पुढं कळलं, की बोटं राहिली पण मधलं बोट वाकडं बरं झालं, सरळ होत नाही, आणि टोकाला काही लागलेलं कळत नाही. कॉलेज सुटलं त्याचं. मेंढरांमागं गेला. गोरेगावला हिंगोलीहून दिवसभर जीपा सुटतात. मी एकदाही बसलो नाही. बोट वाकडं असलं तरी त्याला जमेल हे मला ठाऊक होतं, तुकडा मला येत होता, त्यामुळं माझ्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दहा मिनिटांचं काम होतं. मी गेलो नाही, कारण त्याला जमलं असतं.

मी ऑर्केस्ट्रात आठ-नऊ वर्षं काढली. सेनगाव, कळमनुरी, वसमत, वाशीम, कुठं कुठं वाजवलं. तुकडा आला की गर्रकन वळायचो. शिट्ट्या पडायच्या. लोकांसाठी मीही मास्तर झालो. पुढं डीजे आले आणि लग्नातले ऑर्केस्ट्रे एकेक करून बसले, पण त्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

वाशीमकडचं लग्न आटोपून आम्ही दुपारी परत येत होतो. कनेरगाव नाक्यावर चहाला गाडी थांबली. ढाब्याच्या मागून एक माणूस दोन बोकड ओढत आला, ढाबेवाल्याला द्यायला. डोक्याला रुमाल, पायात जाड वहाणा. दोर त्यानं उजव्या हाताच्या वाकड्या बोटात अडकवला होता. आधी मी बोट ओळखलं, मग त्याला.

"महाराज!" तो म्हणाला. खरंच आनंदानं म्हणाला, त्यात काही नव्हतं. बोकड बाजेला बांधले आणि माझ्यासमोर बसला. मी त्याला चहा सांगितला. घरचं विचारलं, मेंढरांचं विचारलं. चहाचा पेला त्यानं वाकड्या बोटाच्या टोकावरच टेकवून धरला, वाफाळता, आणि त्याला काही कळत नव्हतं.

मग तो म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या बोटाला पॉलिशचा वास येत व्हता."

मी माझा पेला खाली ठेवला.

"दुसऱ्यांदा लावायच्या आधीच आला व्हता मला वास."

"मग लावलास कशाला?" माझा आवाज चढला. मला राग आला, त्याचाच. "कळलं होतं तर लावलास कशाला दुसऱ्यांदा?"

"मला वाटलं, तू भ्यालास," तो म्हणाला. "म्हटलं, महाराज भ्याला, त्यानं लावलाच न्हाई, म्हंजे त्याचं बोट कच्चं. आता आपण दम धरला की तुकडा आपलाच." आणि तो हसला, पोरपणीच्या वेडेपणावर हसतात तसं. "मास्तर समोर हात धरीन म्हटलं अन् तुला दाखवीन."

चहा संपला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तो म्हणाला, "दाखव की एकदा. इतकी वर्षं ऐकून राहिलो, पाह्यला न्हाई कधी."

मी गाडीतून गिटार काढली. आवाजाचं मशीन न लावता, नुसत्या तारांवर. पाय आपोआप वळले, पाठ त्याच्याकडं झाली.

"इकडं तोंड कर की," तो म्हणाला.

मी वळलो आणि वाजवलं. ठोक, सोड, दाब. सावकाश, मग भरभर. तो माझ्या हातांकडं बघत होता. मग त्यानं गिटार मागितली. इतक्या वर्षांत हात लावला नसेल त्यानं. डाव्या हाताचं बोट घरात ठेवलं, उजव्या हाताचं ते वाकडं बोट तारेवर आणलं. ते वाकडंच होतं, त्यामुळं त्याला वाकवावं लागलं नाही. टोक नेमकं तारेवर पडलं आणि ओढताना तार त्यात आपोआप अडकली. तीन सूर निघाले. स्वच्छ. परत तीन. मग सहा, एकात एक. माझा कधी इतका स्वच्छ निघाला नव्हता.

त्यानं गिटार माझ्या हातात परत दिली.

"एवढंच व्हतं?" त्यानं विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

त्यानं बोकडांचा दोर सोडून त्याच बोटात अडकवला आणि तो ढाब्याच्या मागं गेला.